आधी सुई, मग शो!

बोदवडच्या माळ्यावर धूळ खात पडलेला आजोबांचा रेकॉर्ड प्लेअर तुमच्या पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये पुन्हा गाऊ शकतो. तेही इएमआय न काढता! फक्त पैसे कुठे घालायचे आणि कुठे नाही, हे आधी ठरवा.

दिवाळीला गावी जाणार आहात ना? मग येताना फराळाच्या डब्याबरोबर आणखी एक वस्तू बॅगेत भरायचा विचार करा.

समजा, तुमचं गाव बोदवड. भुसावळ सोडून नागपूरच्या दिशेला निघालं की लागणारं, जळगाव जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. नोकरी हिंजवडीत नाहीतर अंधेरीत. गावातल्या जुन्या घराच्या माळ्यावर पितळी घंगाळ, मोडका पाळणा, कुणाच्या तरी लग्नातली ट्रंक, आणि त्या गर्दीत एक चौकोनी, सुटकेससारखी पेटी. झाकण उघडलं की आत गोल थाळी आणि एक दांडा. ‘आजोबांचं आहे. बंद पडलंय. भंगारात द्यायचं राहून गेलं,’ इति काका.

थांबा भो! भंगारवाल्याला हाक मारू नका. ही पेटी बहुतेक वेळा मेलेली नसते, नुसती झोपलेली असते. तिला उठवायला लागतात दोन विकेंड, थोडा धीर आणि एका बऱ्यापैकी हॉटेलात चौघांच्या जेवणाचं जेवढं बिल होतं, साधारण तेवढे पैसे.

आणि हो, तुम्ही आउटडेटेड वगैरे ठरणार नाही. उलट जगच मागे वळून बघतंय. अमेरिकेत २०२० मध्ये रेकॉर्डच्या विक्रीतून आलेला पैसा सीडीच्या पुढे गेला. १९८६ नंतर पहिल्यांदाच! टेक्निक्स कंपनीनं २०१० मध्ये बंद केलेला आपला प्रसिद्ध एसएल-१२०० टर्नटेबल २०१६ मध्ये पुन्हा बाजारात आणला. आपल्याकडे नव्वदच्या दशकात कॅसेट आणि सीडीच्या रेट्यात रेकॉर्ड छापणं थांबलं होतं. २०२४ मध्ये मुंबई परिसरात रेकॉर्ड दाबण्याचा नवा कारखाना सुरू झाला. म्हणजे ट्रेंड आहे, माहौल आहे, आणि तुमच्या घरी फुकटात प्लेअरही आहे. मग अडलंय कुठे?

बंद म्हणजे बिघडलेला नव्हे

रेकॉर्ड प्लेअर हे तसं अगदी साधं यंत्र. एक मोटर, तिच्यावरून फिरणारी थाळी, एक दांडा, त्याच्या टोकाला कार्ट्रिज आणि त्यात सुई. या सुईलाच आपल्याकडे सगळे ‘पिन’ म्हणतात. खाचेतून चालताना पिन थरथरते, त्या थरथरीची कार्ट्रिजमध्ये बारीकशी वीज होते, अॅम्प्लिफायर ती मोठी करतो आणि स्पीकर गातो. संपलं. यात ना सॉफ्टवेअर, ना अपडेट, ना पासवर्ड.

मग तीस-चाळीस वर्षं पडून राहिल्यावर यात बिघडतं काय? लोखंड आणि अॅल्युमिनियमला फारसं काही होत नाही. म्हातारं होतं ते रबर आणि ग्रीस.

जुन्या बऱ्याच प्लेअरमध्ये मोटर आणि थाळी यांच्यामध्ये एक रबरी चाक असतं. मोटरच्या दांडीला टेकून ते फिरतं आणि थाळीला आतून फिरवतं. खानदेशातला मे महिना म्हणजे पारा ४५ अंशांच्या आसपास, आणि त्यात माळ्यावर पत्र्याची झळ. असे तीस-चाळीस उन्हाळे काढले की ते रबर कडक होतं, गुळगुळीत होतं, घसरायला लागतं. चाक एकाच जागी दाबून राहिलं असेल तर तिथे ते चपटं होतं, आणि मग प्रत्येक फेऱ्याला गाण्याच्या मागून ‘धप्प... धप्प’. काही प्लेअरमध्ये चाकाऐवजी रबरी पट्टा असतो, तो ताणून सैल पडतो.

दुसरा व्हिलन म्हणजे ग्रीस. वंगण म्हणून घातलेलं ग्रीस सुकून डिंक होतं. थाळी हलत नाही, स्पीडची कळ सरकत नाही, दांडा आपोआप परत येत नाही. घरच्यांचं निदान ठरलेलं, ‘मोटर जळाली.’ खरं तर मोटर बिचारी चिकटून बसलेली असते.

म्हणूनच पहिला नियम: पार्ट मागवण्याआधी साफ करा.

तुमच्या पेटीत काय आहे?

जुन्या पेट्यांचे ढोबळ तीन प्रकार.

एक, चावीचा ग्रामोफोन. वीज नाही, बाजूला हँडल, आवाज भोंग्यातून नाहीतर पेटीतूनच. एचएमव्हीचा १९३१ मध्ये आलेला १०२ नंबरचा पोर्टेबल हा त्यातला गाजलेला. यावर फक्त ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या लाखेच्या रेकॉर्ड वाजवायच्या. त्याची पोलादी सुई दर बाजूला बदलायची असते. त्यावर एलपी लावाल तर एका फेरीतच तिचं वाटोळं!

दोन, सुटकेस प्लेअर. एचएमव्हीचे फिएस्टा आणि कॅलिप्सो, फिलिप्सचे प्लेअर ही मध्यमवर्गीय घरांतली मंडळी. लग्नात, गणपतीत, शेजारच्यांच्या बारशात हेच फिरायचे. यांचं कार्ट्रिज बहुधा क्रिस्टल किंवा सिरॅमिक जातीचं. आवाज ठणठणीत, पण सुईचा भार जास्त.

तीन, सुट्या अॅम्प्लिफायर-स्पीकरवर लावायचा टर्नटेबल. यात मॅग्नेटिक कार्ट्रिज असतं. भार हलका, आवाज स्वच्छ, पण सिग्नल अगदी बारीक. त्याला मधे फोनो प्री-अॅम्प नावाची छोटी डबी लागते. तिच्याशिवाय थेट स्पीकरच्या ऑक्सला जोडलात तर डास गुणगुणल्यासारखा आवाज येईल आणि तुम्ही उगाच प्लेअरला शिव्या द्याल.

गावी काही मिळालं नाही? पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार आहे, मुंबईत चोर बाजार आहे. घेताना पाच मिनिटं द्या. थाळी हातानं फिरवून बघा, डुगडुगते का. दांडा बोटानं हलकेच आडवा हलवा, खुळखुळतो का. रबरी चाक, थाळी, दांड्यामागचं वजन जागेवर आहे का. सुई नसली तरी चालेल. दांडा वाकलेला किंवा खिळखिळा असेल, तर मात्र कितीही स्वस्त असो, नमस्कार करून पुढे व्हा.

खिशाचं गणित

आता मुद्द्याचं. बहुतेक जण इथे चुकतात. प्लेअर हाती आला की आधी पॉलिश होतं, नवं रेक्झिन चढतं, कडांना पितळी पट्टी लागते, आत ब्लूटूथही बसतं. इन्स्टावर फोटो जातो. ‘व्वा, सॉलिड!’ अशा कमेंट येतात. आणि दांड्याच्या टोकाला सुई तीच, आजोबांनी शेवटची वापरलेली!

जरा हिशेब करा. एलपीची एक बाजू २० मिनिटांची धरली, तर तेवढ्या वेळात सुई साधारण ४३० मीटर खाचेतून चालते. एलपीसाठीच्या नेहमीच्या सुईच्या टोकाची गोलाई सुमारे १८ मायक्रॉन, आपल्या केसाहून कितीतरी बारीक. एवढ्याशा टोकावर दोन ग्रॅमचा भार आला तरी खाचेच्या भिंतीवर तो प्रचंड दाब होतो. टोक गुळगुळीत गोल आहे तोवर ठीक. ते झिजून त्याला कडा आल्या की सुईची पटाशी होते. ती गाणं वाजवत नाही, सोलून काढते. जुन्या सुटकेस प्लेअरमध्ये बऱ्याचदा नीलमाची सुई असायची, आणि ती काही दहा तासांतच झिजते. हिऱ्याची शेकडो तास टिकते. आजोबांनी किती तास वाजवलं, याची नोंद कुणाकडेच नाही.

आणि प्लेअर काय, पुन्हा मिळेल. रेकॉर्ड मिळेलच असं नाही.

उदाहरण खानदेशातलंच घ्या. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या मुलगा सोपानदेव यांच्यामुळे कागदावर आल्या, आचार्य अत्रे यांनी उचलून धरलं आणि १९५२ मध्ये पुस्तक निघालं. बहिणाबाई आदल्या वर्षीच, १९५१ च्या डिसेंबरात गेल्या होत्या. पुढे १९६१ च्या ‘मानिनी’ चित्रपटात वसंत पवार यांनी त्यांच्या कवितांना चाली दिल्या. शेतात, जात्यावर जन्मलेली ती भाषा अशी तबकडीच्या खाचेत जाऊन बसली. ही गाणी आज मोबाइलवर सहज मिळतात, हे खरं. पण कितीतरी जुन्या मराठी रेकॉर्ड, नाट्यपदं, कीर्तनं, तमाशातल्या लावण्या, विनोदी संवाद, यांचं पुढे कॅसेटवर नाही झालं आणि सीडीवरही नाही. अशा गाण्याची उरलेली प्रत म्हणजे कुणाच्या तरी माळ्यावरची ती एकच काळी चकती. म्हणूनच १९९० मध्ये मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संग्राहकांची संस्था उभी राहिली. तिच्या कामात सुरेश चांदवणकर यांच्यासारख्या मंडळींनी वर्षानुवर्षं खर्ची घातली. जे कंपन्यांच्या कपाटात उरलं नाही, ते लोकांच्या घरातून गोळा होत गेलं.

आता सांगा, तुमच्या आजोबांच्या पेटीखाली पडलेल्या वीस-पंचवीस रेकॉर्डमध्ये असं काय आहे, तुम्हाला माहीत आहे? ऐकल्याशिवाय कळणार नाही. आणि झिजक्या सुईनं ऐकाल, तर कळेल पण उरणार नाही.

म्हणून खर्चाचा क्रम असा लावा:

- पहिला खर्च सुई. तुमच्या कार्ट्रिजला चालणारी नवी सुई किंवा अख्खं नवं कार्ट्रिज. सुटकेस प्लेअरचं साधं सिरॅमिक कार्ट्रिज काही शेकड्यांत येतं. मॅग्नेटिक हवं तर काही हजार.
- दुसरा खर्च रबर. नवा पट्टा, किंवा चाकाला नवं रबर.
- तिसरा खर्च सुरक्षा. नवी वायर, नवा प्लग, गरज असेल तर कपॅसिटर.
- चौथा खर्च साफसफाई. आयसोप्रोपिल अल्कोहोल, हलकं तेल, मऊ ब्रश, इअरबड.
- उरलेच तर पॉलिश. नसतील उरले, तर खोक्यावरचे ओरखडे हा ‘व्हिंटेज लुक’ म्हणून खपवा!

विकेंड पहिला: उघडा, पुसा, थेंब टाका

सगळ्यात आधी प्लग काढा. ‘बंद आहे’ आणि ‘प्लग काढलाय’ यात फरक आहे. मग मोबाइल काढा आणि प्रत्येक पायरीचा फोटो घ्या. कुठला स्क्रू कुठला, कुठली वायर कुठे, हे जोडताना हटकून विसरायला होतं.

थाळी सहसा नुसती बसवलेली असते. काही मॉडेलमध्ये मधल्या दांडीभोवती बारीक चाप असतो, तो काढला की थाळी वर उचलून येते. खाली मोटर आणि रबरी चाक दिसेल. कापसाच्या गावातली पेटी असेल तर धुळीबरोबर कापसाचे तंतूही निघतील. मऊ ब्रशनं काढा. फुंकू नका, थुंकी उडते.

आता मधली दांडी आणि ती बसते ती नळी. जुनं काळं तेल इअरबडनं पुसून काढा, अल्कोहोलनं साफ करा, वाळू द्या. मग शिलाई मशीनचं हलकं तेल, दोन-तीन थेंब. मोटरच्या दोन्ही टोकांना एकेक थेंब. बस्स! जास्त तेल म्हणजे जास्त प्रेम नव्हे. ते उडून रबरावर गेलं की चाक घसरलंच म्हणून समजा.

घट्ट झालेलं ग्रीस काडीनं खरवडा, उरलेलं अल्कोहोलनं विरघळवा आणि सरकणाऱ्या भागांना नवं ग्रीस अगदी पातळ लावा. गंज सोडवायचे जे स्प्रे मिळतात, ते इथे मारू नका. ते सगळीकडे पसरतात आणि रबराची वाट लावतात.

रबरी चाक काढता आलं तर काढा. कडेवरची चकाकी हा त्याचा आजार. बारीक पॉलिश पेपर त्या कडेला हलकेच धरून चाक फिरवा, चकाकी जाऊन रंग मंद झाला की थांबा. मग अल्कोहोलचा एक हात. थाळीच्या आतली कड आणि मोटरची दांडीही पुसा, कारण चाक ज्याला टेकतं ते स्वच्छ हवं. चाकाला भेगा असतील किंवा ते खूपच चपटं झालं असेल तर मात्र नवं रबर चढवणं हाच उपाय. कामाचं साहित्य मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली, आणि गावाकडेच असाल तर जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये शोधा. नेमका पट्टा किंवा सुई तिथे नसेल तर ऑनलाइन. मागवण्याआधी जुन्या पट्ट्याचं माप घ्या. तो ताणलेला असतो, त्यामुळे नवा किंचित लहान लागेल.

आणि पेटी ठेवून द्यायची असेल तेव्हा स्पीडची कळ मोकळ्या जागेवर आणा, म्हणजे चाकावर दाब राहत नाही. आजोबांना हे माहीत होतं. माळ्यावर टाकणाऱ्याला नव्हतं.

करंट लागेल असं काही करू नका

वायरचं काम हे या प्रोजेक्टमधलं एकच काम, जे यू-ट्यूब बघून करायचं नाही. जुन्या वायरचं आवरण तडकलेलं असतं, प्लगला अर्थिंगच नसतं, आणि स्विचजवळचा जुना कपॅसिटर कधी फुटेल याचा नेम नसतो. यात २३० व्होल्ट खेळतात.

यासाठी गावातले रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे काका गाठा. बोदवड काय, भुसावळ काय, मलकापूर काय, सोल्डरिंगचा वास असलेलं असं एखादं दुकान अजून सापडू शकतं. काकांचं बहुतेक काम आता मिक्सर आणि सेट-टॉप बॉक्सचं झालेलं असेल, पण प्लेअर समोर ठेवा आणि चेहरा बघा. ज्यांनी व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त केले, त्यांना यातलं काही शिकवावं लागत नाही. फक्त एक विनंती करा: ‘काका, मी शेजारी बसून बघू का?’ हे ज्ञान कुठल्या मॅन्युअलमध्ये नाही. ते त्यांच्या हातात आहे, आणि ती पिढी आता थकत चालली आहे. प्लेअर आणखी दहा वर्षं माळ्यावर थांबेल. काकांचं दुकान थांबेलच असं नाही.

ज्यांचा प्लेअर अमेरिकेतल्या मामानं पाठवलेला आहे, त्यांच्यासाठी खास सूचना. तिथली वीज ११० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, आपली २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेजचा प्रश्न सुटतो, हर्ट्झचा नाही. विजेच्या तालावर फिरणारी मोटर असेल तर तेहेतीसचे फेरे अठ्ठावीसच्याही खाली येतात आणि लताबाई चक्क पुरुषी आवाजात गायला लागतात! अशा वेळी मोटरवरची छोटी पुली ५० हर्ट्झची बदलून घ्यावी लागते.

विकेंड दुसरा: शंभर फेरे आणि सोन्याचा काटा

थाळी फिरली? अभिनंदन! पण ती नेमक्या वेगानं फिरतेय का?

एलपीचा वेग मिनिटाला ३३ १/३ फेरे, म्हणजे तीन मिनिटांत बरोबर १००. थाळीच्या कडेला कागदाचा एक कपटा चिकटवा, रेकॉर्ड लावून सुई खाली ठेवा, मोबाइलवर स्टॉपवॉच सुरू करा आणि मोजा. शंभरावा फेरा तीन मिनिटांवर पडला की जिंकलात. तोच २ मिनिटं ५० सेकंदांत पडला तर वेग सुमारे ६ टक्के जास्त आहे. ऐकायला किरकोळ वाटतं, पण एवढ्यानं अख्खं गाणं अर्ध्या स्वरानं वर चढतं. गायक पांढरी एकमध्ये गात असेल तर तुम्हाला ऐकू येईल काळी एक! हार्मोनियम वाजवणारं कुणी घरात असेल तर ते पटकन पकडतील.

मोजायचा कंटाळा असेल तर १८० रेघांची स्ट्रोबोस्कोप चकती छापून घ्या. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर जुनी चोकवाली ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते, आणि तिच्या उजेडात वेग बरोबर असला की त्या रेघा जागच्या जागी उभ्या दिसतात. फुकटातली जादू. चांगल्या एलईडीखाली मात्र ती चालत नाही, कारण तो तसा लुकलुकत नाही.

मग सुईचा भार. इथे आपल्या सुवर्णनगरी जळगावचा फंडा कामाला येतो, सोनं तोलायचा काटा! खिशात मावणारा छोटा डिजिटल काटा ऑनलाइन काही शेकड्यांत मिळतो. थाळी बंद ठेवा, रेकॉर्डच्या उंचीला काटा येईल असं बघा आणि सुई अलगद त्यावर टेकवा. मॅग्नेटिक कार्ट्रिज असेल तर साधारण दीड ते अडीच ग्रॅम, सिरॅमिक असेल तर पाच-सहा ग्रॅमच्या आसपास. नेमका आकडा कार्ट्रिजच्या कागदावर असतो, तोच पाळा. मागचं वजन फिरवून भार जुळवा. ‘हलका तेवढा चांगला’ हा गैरसमज आहे. भार कमी पडला की सुई खाचेत उड्या मारते आणि त्या उड्यांनी रेकॉर्ड जास्त खराब होते.

आणखी एक बघाच. ७८ च्या खाचा एलपीपेक्षा बऱ्याच रुंद असतात, म्हणून त्यांना वेगळी, जाड सुई लागते. जुन्या कार्ट्रिजला टोकाशी छोटी कळ असते. ती फिरवली की एका बाजूला ७८ ची सुई, दुसऱ्या बाजूला एलपीची. एलपी लावण्याआधी ती कळ कुठल्या बाजूला आहे, हे बघायची सवय लावून घ्या.

आंघोळ घालताना सांभाळून

प्लेअर तयार झाला तरी रेकॉर्ड लगेच लावू नका. खाचेत धूळ असेल तर नवी सुई ती धूळच दळत बसेल.

एलपी आणि छोट्या ४५ च्या रेकॉर्ड बहुतेक व्हिनाइलच्या. एलपी अमेरिकेत १९४८ मध्ये आली, ४५ तिच्या पुढच्या वर्षी. त्या धुवायला स्वच्छ, शक्यतो डिस्टिल्ड पाणी, त्यात भांड्यांच्या साबणाचा एखादा थेंब, मऊ कापड, आणि खाचेच्या दिशेनं गोल हात. मधलं लेबल भिजू देऊ नका.

७८ च्या रेकॉर्ड मात्र लाखेच्या. तीच लाख, जी आपल्याकडे बांगड्यांत आणि पत्रावरच्या मोहरेत वापरायचे. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते! ज्या बाटलीनं तुम्ही मोटर साफ केली, तिचा एक फाया ७८ वर फिरला की आवाज कायमचा गेला. त्यांना पाण्याचा ओलसर हात आणि लगेच कोरडं कापड, एवढंच. आणि या रेकॉर्ड काचेसारख्या फुटतात, हेही ध्यानात असू द्या.

बोदवड ते बाणेर

प्लेअर शहरात आणायचाय? थाळी काढून वेगळी गुंडाळा. दांडा त्याच्या आधाराला दोऱ्यानं बांधा, मागचं वजन काढून घ्या, सुईला टोपी घाला. रेकॉर्ड पुस्तकांसारख्या उभ्या भरा, एकावर एक आडव्या रचू नका. गाडीनं येणार असाल तर मे महिन्यात डिकीत ठेवणं टाळा. चाळीसगाव येईपर्यंत त्यांचे पापड होतील.

फ्लॅटवर आल्यावर पेटीला पक्कं टेबल द्या. स्पीकर त्याच टेबलावर ठेवलात तर त्याचा हादरा सुईपर्यंत जाऊन आवाज घोंगावतो. गुणगुण ऐकू येत असेल तर अर्थिंगची बारीक वायर अॅम्प्लिफायरला जोडली आहे का, ते आधी बघा.

आणि मग एखाद्या शनिवारी रात्री, लॅपटॉप मिटून, त्या पंचवीस रेकॉर्ड एकेक करून ऐका. वहीत लिहा: नाव, गायक, लेबलवरचा नंबर. प्रत्येक बाजू वाजत असतानाच मोबाइलवर किंवा लॅपटॉपवर उतरवून घ्या. एखादं गाणं कुठेच सापडत नसेल तर संग्राहकांना कळवा. त्यांच्या यादीतली रिकामी जागा कदाचित तुमच्या घरी असेल.

पॉलिशचं नंतर बघू. सुई मागवलीत का?